निकालाआधीचे हुकूम आणि वरचं कोर्ट: माझ्या वाटणीच्या दाव्याचा अनुभव

दावा म्हणजे एक निकाल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात निकालाच्या कितीतरी आधीपासून कोर्ट हुकूम करत असतं. जमीन विकायला मनाई करायची की नाही, दावा मुळात चालण्यासारखा आहे का, अर्जात दुरुस्ती करू द्यायची का, अमुक साक्षीदाराला बोलवायचं का, अशा एकेका गोष्टीवर अर्ज पडतो, दुसरी बाजू म्हणणं देते आणि हुकूम होतो. ज्याच्या विरुद्ध हुकूम जातो तो कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाच म्हणतो, "वर जाऊ या." वर जाता येतं का, कुठे जाता येतं आणि गेल्याने काय पदरात पडतं, हे मी माझ्या दाव्यात पाहिलं. माहेरच्या जमिनीसाठी कोर्टात उभ्या असलेल्या बायका मला हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझा दावा सख्ख्या भावावर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी आमची वडिलार्जित जमीन. वडील २००५ च्या आधी वारले, मग आई गेली. सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागली, पण वहिवाट दादाकडे. मी लग्नानंतर तालुका सोडला, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की मुलीचा सहदायिक (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली वाटेकरी) म्हणून हक्क जन्मानेच आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ या, हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. त्यानंतर मी दादाकडे हिस्सा मागितला. "लग्नात दिलं की सगळं," एवढंच तो म्हणाला. मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वाटप आणि स्वतंत्र ताबा मागणारा दावा लावला.

दाव्यासोबतच निशाणी ५ चा अर्ज दिला. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांत तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला निशाणी ५ हाच नंबर पडतो, त्यामुळे सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. रस्त्याकडेच्या गटाचा सौदा दादा करतो आहे असं कानावर आलं होतं, म्हणून दाव्याचा निकाल लागेपर्यंत विक्री, गहाण काही करू नये अशी मागणी होती. कोर्टाने अर्ज नामंजूर केला. सहहिस्सेदाराला त्याच्या हिश्शाचा व्यवहार करण्यापासून अडवता येत नाही, असं कारण दिलं.

वकीलसाहेबांनी हुकूम वाचला आणि म्हणाले, "ताई, यावर अपील आहे. नक्कल अर्ज आजच टाकू." दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ४३ आहे, त्याच्या पहिल्या नियमात अपील होऊ शकणाऱ्या हुकुमांची यादी आहे. मनाईबद्दलचे हुकूम त्यात येतात. रिसिव्हर (मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) नेमण्याचा हुकूम, दावा योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत देण्याचा हुकूम, एकतर्फा हुकूमनामा (दाव्याचा निकाल ठरवणारा हुकूम) रद्द करायला नकार देणारा हुकूम, निकालाआधीची जप्ती, हेही त्यात आहेत. यादीत असेल तर मधल्या टप्प्यावरही अपील, नसेल तर नाही. संहितेचं कलम १०४ आणि ऑर्डर ४३ यांचा गाभा इतकाच.

जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची. सहीशिक्क्याची नक्कल मिळायला जो वेळ जातो तो यातून वजा होतो, पण त्यासाठी नक्कल अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख दोन्ही नकलेवर लागतात. ई-कोर्ट्सच्या ॲपवर हुकूम लगेच वाचायला मिळतो म्हणून बरेच जण निवांत राहतात. ती प्रत वाचण्यापुरती, अपिलाला सहीशिक्क्याचीच लागते.

जिल्हा न्यायालयात मला पहिल्यांदा कळलं की मधल्या हुकुमावरचं अपील आणि निकालावरचं अपील यांची जात वेगळी. समोरच्या वकिलांनी १९९० चा 'वांडर विरुद्ध अँटॉक्स' हा निकाल वाचून दाखवला. खालच्या कोर्टाने आपला विवेक वापरून हुकूम केला असेल, तर वरच्या कोर्टाने केवळ "मी असतो तर वेगळा केला असता" म्हणून त्यात हात घालायचा नसतो. हुकूम मनमानी असला, ठरलेली तत्त्वं डावलून केलेला असला, तरच फिरवायचा. आमच्या वकिलांनी म्हणून जमिनीची कहाणी पुन्हा सांगितलीच नाही. मनाई देताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: प्रथमदर्शनी हक्क, सोय-गैरसोयीचं पारडं आणि भरून न येणारं नुकसान. खालच्या हुकुमात पहिल्या गोष्टीवरच थांबून बाकीच्या दोन पाहिलेल्याच नाहीत, एवढ्यावर ते बोलले. अपील मंजूर झालं आणि दादाला विक्रीची मनाई झाली.

आता दादाला अपील? नाही. कलम १०४ मध्येच लिहिलं आहे की असल्या अपिलात झालेल्या हुकुमावर पुढचं अपील नाही. उच्च न्यायालयाच्या देखरेखीचा दरवाजा तेवढा उघडा राहतो, म्हणून आमच्याकडून तिथे कॅव्हेट टाकलं गेलं, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय स्थगिती होऊ नये. कॅव्हेटची ताकद ९० दिवस. दादा गेला नाही.

त्याने दुसरी वाट धरली. वडील २००५ आधी वारले, दावा मुदतबाह्य आहे, तेव्हा तो दारातच फेटाळा, असा ऑर्डर ७ नियम ११ चा अर्ज दिला. कोर्टात याला नुसतं 'सात-अकरा' म्हणतात. कोर्टाने सांगितलं की या टप्प्यावर फक्त दाव्याच्या अर्जातला मजकूर पाहायचा असतो, आणि मुदतीचा प्रश्न इथे पुराव्याशिवाय सुटणारा नाही. अर्ज नामंजूर.

हा एकच अर्ज दोन बाजूंना वेगळी वाट देतो. तो मंजूर झाला असता तर माझा दावाच संपला असता, आणि कायदा अशा हुकुमाला हुकूमनामा मानतो, म्हणून मला सरळ अपील मिळालं असतं. नामंजूर झाला तेव्हा दादाला अपील नव्हतं, पण कलम ११५ खाली उच्च न्यायालयात रिव्हिजन (खालच्या हुकुमाची मर्यादित फेरतपासणी) होतं. १ जुलै २००२ पासून रिव्हिजनची कसोटी अशी आहे: हुकूम अर्जदाराच्या बाजूने झाला असता तर दावा कायमचा निकाली निघाला असता का? निघाला असता तरच रिव्हिजन. सात-अकरा या कसोटीला उतरतो. दावा चालूच ठेवणारे बहुतेक सारे हुकूम उतरत नाहीत. २००२ आधी जवळजवळ कुठल्याही हुकुमावर रिव्हिजन घेऊन लोक जात आणि मूळ दावा वर्षानुवर्षं अडकून पडे. जुने वकील त्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा मला २००२ ची ती कायदादुरुस्ती अगदी योग्य वाटते. दर हुकुमावर अपील मिळालं असतं तर ज्याच्या ताब्यात जमीन आणि ऊस, त्याने माझ्यासारखीला नुसतं थकवूनच घरी पाठवलं असतं.

दादाने रिव्हिजन केलं नाही. त्याची कैफियत (लेखी उत्तर) आली, कोर्टाने ठरवायचे मुद्दे निघाले, आणि मी सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे माझी लेखी साक्ष, दिलं.

त्यानंतर दुसऱ्या गावच्या जमिनीचा पत्ता लागला. वडिलांच्या नावावर शेजारच्या गावच्या शिवारात एक गट होता. दावा लावताना मी आमच्या गावचा ८-अ (खाते उतारा) काढला होता, पण ८-अ हा गावापुरता असतो, एका गावच्या खात्यात दुसऱ्या गावची जमीन दिसत नाही. एका चुलत आजोबांच्या बोलण्यातून धागा मिळाला, मग जुना फेरफार सापडला. आम्ही तो गट दाव्यात घालण्यासाठी ऑर्डर ६ नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला. कोर्टाने तो फेटाळला: चौकशी (दाव्याची साक्षीपुराव्याची सुनावणी) सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही, आणि योग्य तत्परता दाखवली असती तर हा गट आधीच कळला असता.

इथे थोडं थांबते, कारण या हुकुमाने मला सर्वांत जास्त लागलं. १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने हा नियम १७ संहितेतून काढूनच टाकला होता. वकिलांचा मोठा विरोध झाला आणि २००२ मध्ये तो परत आला, पण एक अट घेऊन: चौकशी सुरू झाल्यानंतरची दुरुस्ती तेव्हाच मंजूर करायची, जेव्हा योग्य तत्परता दाखवूनही ती गोष्ट आधी मांडता आली नसती असं कोर्टाला वाटेल. चौकशी सुरू कधी होते? 'विद्याबाई विरुद्ध पद्मलता' या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरतपासणीचं शपथपत्र दाखल झालं की सुरू झाली. म्हणजे माझ्या शपथपत्राने ती कडी लागली होती. अट चांगल्या हेतूने आली हे मी मानते. पण जी मुलगी विसाव्या वर्षी गाव सोडून गेली, जिच्या हाती घरातला एक कागद नाही, जिच्या माहेरची पेटी भावाच्या खोलीत आहे, तिची तत्परता आणि घरात राहणाऱ्याची तत्परता एकाच मापाने मोजली तर न्याय कसा होईल? बहिणींच्या दाव्यांत ही अट फार जड पडते, आणि कोर्टांनी तिकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मी वकीलसाहेबांना म्हटलं, मागच्यासारखं जिल्ह्याला अपील करू या. ते म्हणाले, "ताई, हा अपीलपात्र हुकूम नाही. ऑर्डर ४३ च्या यादीत सहा-सतरा नाही. रिव्हिजनही बसत नाही, कारण आपला अर्ज मंजूर झाला असता तरी दावा संपला नसता."

त्याच सुमारास आणखी एक अर्ज फेटाळला गेला होता. फेरफाराचं मूळ रजिस्टर घेऊन तलाठ्याला साक्षीला बोलवावं, अशी आमची मागणी होती. सहीशिक्क्याची नक्कल दाखल असताना गरज नाही, म्हणून कोर्टाने नाकारली. हाही यादीबाहेरचा हुकूम. मला दोन्ही हुकुमांवर वर जायचं होतं. वकीलसाहेबांनी मला समोर बसवून एका संध्याकाळी कलम १०५ समजावलं. पक्षकाराला हे कलम दाव्याच्या पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्या कलमाचा अर्थ असा. मधल्या हुकुमावर अपील नसलं तरी तो हुकूम कायमचा डोक्यावर बसत नाही. निकाल विरुद्ध गेला आणि आपण निकालावर अपील केलं, तर त्या अपिलातच एक मुद्दा म्हणून सांगता येतं की अमुक तारखेचा अमुक हुकूम चुकीचा होता आणि त्याचा परिणाम निकालावर झाला. तेव्हा वर गेला नाहीत म्हणजे तुम्ही तो हुकूम मान्य केलात, असं कोर्टाच्या आवारात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं नाही. अपवाद आहे तो फेरचौकशीसाठी प्रकरण खाली परत पाठवणाऱ्या हुकुमाचा. त्यावर अपील उपलब्ध असून केलं नाही, तर नंतर तोंड उघडता येत नाही.

मात्र दोन अटी आहेत. चुकीचा परिणाम निकालावर झालेला पाहिजे, कारण कलम ९९ सांगतं की ज्या चुकीने दाव्याच्या गुणदोषाला किंवा कोर्टाच्या अधिकाराला धक्का लागत नाही, तेवढ्यासाठी हुकूमनामा फिरवायचा नाही. आणि ती मागणी रेकॉर्डवर असली पाहिजे. उभ्याउभ्या तोंडी विनंती केली, साहेबांनी मान हलवून नाही म्हटलं, तर शेवटच्या अपिलात दाखवणार काय? म्हणूनच आमचे वकील लहानशा मागणीलाही लेखी अर्ज देतात, त्यावर निशाणी नंबर पडू देतात, खाली हुकूम होऊ देतात आणि रोजनामा (कोर्टातल्या त्या दिवसाच्या कामाची नोंद) तपासून घेतात. मला आधी ही नुसती दिरंगाई वाटायची.

तर प्रश्न असा उरला: या हुकुमाने होणारं नुकसान शेवटच्या अपिलात भरून निघेल का? तलाठ्याच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. नक्कल पुराव्यात आहे, दादाने ती नाकारली आणि निकाल त्यावरून फिरला, तर मुद्दा तेव्हा उचलता येईल. दुरुस्तीचं तसं नव्हतं. वाटणीच्या दाव्यात एकत्र कुटुंबाची सगळी मिळकत यावी लागते, नाहीतर 'अर्धवट वाटणीचा दावा' ही हरकत उभी राहते. पूर्ण पुरावा होऊन, निकाल होऊन, मग अपिलात तो गट आत आला तर साक्षीपुरावा पुन्हा. माझं वय साठीच्या पुढे. तेवढी वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती.

म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात याचिका. २०१५ च्या राधेश्याम प्रकरणापासून हे पक्कं आहे की दिवाणी कोर्टाच्या न्यायिक हुकुमाविरुद्ध अनुच्छेद २२६ (उच्च न्यायालयाचा रिट काढण्याचा अधिकार) चालत नाही, २२७ खालीच जावं लागतं. ही वाट अपिलाची नाही, खालची कोर्टं आपल्या चौकटीत चालतात की नाही यावर देखरेख करण्याच्या अधिकाराची आहे. मुंबईच्या एका मालमत्तेच्या वादातून गेलेल्या 'शालिनी श्याम शेट्टी' प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की हा अधिकार जपून वापरायचा, अपिलाचं दुसरं रूप म्हणून नाही. ठरलेली मुदत नाही, पण उशिराचं कारण द्यावं लागतं. आणखी एक जोखीम वकीलसाहेबांनी आधीच सांगितली: तिथे गुणदोषावर हरलो, तर तोच मुद्दा शेवटच्या अपिलात उचलणं अवघड होऊन बसेल. कलम १०५ ची राखून ठेवलेली वाट आपणच बुजवू. मी विचार केला आणि जायचं ठरवलं.

पूर्वी याचा अर्थ मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालू लागली. किती वर्षं वकील आणि पक्षकार त्यासाठी झगडले! सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या जुन्या इमारतीत माझ्यासारखी निवृत्त शिक्षिका सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते, ही मोठी गोष्ट आहे. मुंबईलाच जावं लागलं असतं, तर राहण्याच्या आणि प्रवासाच्या खर्चाने मी ही याचिका केली असती की नाही, सांगता येत नाही.

याचिका दाखल झाली म्हणून खालचं काम थांबत नाही. आमच्या वकिलांनी तालुक्याला तहकुबीचा अर्ज दिला. "स्थगिती आणा, नाहीतर साक्षीदाराला उभं करा," एवढंच उत्तर आलं, आणि ते कायद्याला धरूनच होतं. उच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली नव्हती. त्यामुळे याचिका वर प्रलंबित असतानाच माझी उलटतपासणी झाली. दादा समोरच्या बाकावर बसला होता. "लग्नात दागिने मिळाले हे खरं आहे का?" या प्रश्नाला मी "हो, आईचे" म्हणाले. पुढच्या प्रश्नावर वकिलांनी हरकत घेतली. वर गेलो म्हणजे खालच्या तारखांना सुट्टी, असं कुणी समजू नये. त्या भरवशावर गैरहजर राहिल्याने पुरावा बंद झालेले लोक मी पाहिले आहेत.

कोल्हापूरच्या वकील ताई तरुण आहेत, मला काकू म्हणतात. त्यांनी मला बजावलं होतं, "काकू, इथे तुमच्यावर किती अन्याय झाला हे ऐकणार नाहीत. हुकुमात अधिकाराची चूक कुठे आहे, तेवढंच विचारतील." तसंच झालं. न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न तोच होता. वकील ताईंनी दोन गोष्टी ठेवल्या. तत्परतेबद्दल आमच्या अर्जात जे कारण दिलं होतं, दुसऱ्या गावचं खातं आणि घरातल्या कागदांपर्यंत पोहोच नसणं, त्याचा हुकुमात उल्लेखच नव्हता. कारण नाकारणं हा विवेक, पण कारण न पाहताच अर्ज फेटाळणं ही अधिकार वापरण्यातली चूक. दुसरं, वाटणीच्या दाव्यात प्रत्येक पक्षकार एका अर्थी वादीही असतो आणि प्रतिवादीही, सगळी मिळकत एकदाच कोर्टासमोर यावी यात दोघांचंही हित आहे. दादाच्या वकिलांनी उशिरावर आणि २२७ च्या मर्यादेवर भर दिला. त्यांचं बोलणं पोकळ नव्हतं, ऐकताना मला धाकधूक वाटत होती.

याचिका मंजूर झाली. दुरुस्ती करायला परवानगी मिळाली, मी दादाला खर्चापोटी रक्कम द्यायची, त्याला वाढीव कैफियत द्यायची मुभा, माझी पुन्हा उलटतपासणी फक्त त्या गटापुरती, आणि दावा लवकर निकाली काढण्याची खालच्या कोर्टाला सूचना. खर्चाची रक्कम मी पुढच्याच तारखेला भरली. ती भरल्याशिवाय दुरुस्ती अंमलात येत नव्हती.

वाढीव कैफियतीत दादाने तो गट वडिलांचा नव्हता असं म्हटलेलं नाही. तो स्वतः पैसे घालून विकसित केला, असं म्हटलं आहे. त्यावर वाढीव मुद्दा निघाला आहे आणि विहीर, पाइपलाइन यांच्या खर्चाच्या पावत्या त्याला दाखल कराव्या लागतील. निशाणी ५ ची मनाई कायम आहे. तलाठ्याच्या अर्जावरचा हुकूम आम्ही जसाच्या तसा ठेवला आहे. वकीलसाहेबांनी त्याची सहीशिक्क्याची नक्कल काढून फाइलमध्ये लावली आणि वर पेन्सिलने 'क. १०५' लिहून ठेवलं. पुढची तारीख दादाच्या सरतपासणीच्या शपथपत्राची आहे.